कारण : इतर

शिवडीत, तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या कपाटावर
आमचा सर्व्हर बसतो. डब्याएवढा.
वर स्टीलची जाळी, मांजरानं बसू नये म्हणून.
मांजर बसतंच. ऊब असते.
तीनशे बारा माणसं राहतात त्यात
आणि बेस्टचं बिल माझ्या नावावर येतं.

दिवसा मुंब्र्याहून तन्वीर मुकादम बघतो,
रात्री मी.
बघायचं म्हणजे काय गं, आई विचारते.
म्हणजे कोण कुणाला काय म्हणालं ते वाचायचं
आणि त्यातलं किती राहू द्यायचं ते ठरवायचं.
म्हणजे सासूपण, ती म्हणते, आणि कूस बदलते.

काही सोपं असतं.
कर्जाच्या जाहिराती, केस उगवणारं तेल,
एकच शिवी चाळीस प्रकारे लिहिलेली :
दाबलं बटण, गेलं.
पण कुणी नुसतं "तुमच्याकडचे लोक" म्हणतं,
एवढंच, पुढे काहीच नाही,
आणि नसीमा तीन दिवस लिहीत नाही.
त्याला कुठलं कलम लावू?

आमच्यासारखे सर्व्हर गावोगाव.
ज्याचं दार त्याचं, नियम त्याचे,
मधे तारा. त्यांचं इकडे दिसतं, आमचं तिकडे.
त्यातला भुसावळचा नासला.
सहा खाती रात्रभर घाण ओतत होती,
तिथला ॲडमिन, कुणी प्रज्वल, उत्तरच देईना.
दोन वाजता तन्वीरला उठवलं.
तोड, म्हणाला.
तोडताना एक खिडकी येते, कारण विचारते :
स्पॅम, छळ, बेकायदा, इतर.
'छळ' निवडलं. पाणी प्यायले. झोपले.

सकाळी हसुराम वैतींचा निरोप.
वैती गोदीत होते, पायलट बोटीवर, एकतीस वर्षं.
आमच्याकडे रोज एकच ओळ लिहितात :
आज भरती ००:१०, ४.४१ मीटर.
लोक तक्रार करतात, हा रोबो आहे.
मी दर वेळी 'माणूस आहे' असं लिहून तक्रार मिटवते.
वैतींनी लिहिलं होतं :
बाई, ती ओळ कमळाकरसाठी असते. धाकटा.
रेल्वेत लागला, भुसावळचाच झाला.
जागेच्या वाटणीवरून नऊ वर्षं बोलणं नाही.
पण त्यानं मला यादीतून काढलेलं नाही,
मी रोज बघतो.

मी म्हटलं, तसंही तो उत्तर देत नव्हताच ना?
हे बोलायला नको होतं.

वैती म्हणाले,
आजवर तो बोलत नव्हता.
आता मी पोचत नाही.
फरक आहे.

प्रज्वलचा नंबर कुठून कुठून मिळवला.
फार्मसीचं शेवटचं वर्ष, परीक्षा चालू.
"ताई, रविवारी बघतो ना."
मी एक शिवी टाइप केली
आणि नियमाप्रमाणे माझी मीच काढून टाकली.

अकराव्या दिवशी रविवार उगवला त्याचा.
सहाही खाती हाकलली त्यानं, मी तार जोडली.
मधलं मात्र मागाहून जात नाही.
तुटल्या दिवसांचं पाणी तिकडे चढतच नाही.
हे वैतींना कसं सांगायचं, शब्द जुळवत होते
तोवर त्यांची ओळ आली :
आज भरती ०९:०५, ३.४८ मीटर.

पलीकडून काही नाही. नेहमीसारखं.

दुपारी त्या ओळीवर एक तक्रार.
परगावच्या तक्रारीत नाव दिसत नाही,
नुसता सर्व्हर दिसतो. भुसावळ.
कारण : इतर.
खाली लिहिलेलं,
मधल्या अकरा दिवसांच्या वेळा गहाळ आहेत.

तक्रार कुठून आली, कुणी केली, कुणाला सांगायचं नाही
हा नियम मीच लिहिलाय. चौथा.
वैतींना फक्त म्हटलं, मागच्या अकरा दिवसांच्या वेळा
परत टाकता का, एकेक करून?
कशाला, गेलेली भरती ती, ते म्हणाले.
टाका हो. नोंदीसाठी.

तक्रार मी अजून मिटवलेली नाही.